शिवलेली नऊवारी

धाकटी जाऊ घरात आली तेव्हा मी लुगड्यात होते. नऊवारी, मागं काष्टा, डोक्यावर पदर. सासूबाईंचा दंडकच होता तसा. मी दौलताबादकडच्या खेड्यातली, मला नेसणं काही अवघड नव्हतं. गावातल्या बाया लग्नाच्या पोरी माझ्याकडंच नेसवायला पाठवायच्या. जाऊ मात्र शहरात वाढलेली. दुसऱ्याच दिवशी पाचवारी नेसून, डोकं उघडं टाकून स्वयंपाकघरात हजर! मला वाटलं, आता सासूबाई हिला फाडून खातात. तर म्हातारी म्हणाली, "शिकलेली हाय, राहू दे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग मी इतकी वर्षं कशासाठी गुंडाळून घेतलं होतं? कानामागून आली आन् तिखट झाली, ती अशी.

मग मीही पाचवारी घेतली. तोवर हिच्या ब्लाउजला फुग्याच्या बाह्या आल्या. मी गुलमंडीवरच्या शिंप्याकडून तशाच शिवून घेतल्या. त्या मेल्यानं इतका उशीर लावला की हिच्या बाह्या कोपरापर्यंत सरळ झाल्या होत्या. नणंदेच्या लग्नात मी एकटी फुगे घेऊन फिरले. तिनं भुवया कोरल्या; मी कोरल्या तर तिनं केस कापले. पुंडलिकनगरात घर बांधल्यावर ती घरात गाऊन घालायला लागली, कुणी आलं की वरून ओढणी. मी घातला तर नवरा म्हणाला, "काय गं, बरं नाय का तुला?" माझं आपलं कायम वरातीमागून घोडं.

साड्यांचं जाऊ द्या हो. साड्या माणूस विसरतो. पण जावेला दोन्ही पोरंच, आणि माझी एकुलती एक लेक सदानकदा तिच्या मागं मागं. गॅदरिंगला केस काकूनंच बांधायचे. पंजाबी ड्रेसचं कापड काकूनंच निवडायचं. जीन्स घालावी का, हे काकूला विचारून ठरायचं आणि मला नंतर कळायचं. मी काही म्हटलं की, "आई, तुला त्यातलं कळत नाय." नऊ महिने मी वागवली, आणि ही आयत्या बिळावर नागोबा! जळत होते मी, लपवू कशाला.

लेकीचं लग्न ठरलं आणि तिनं जाहीर केलं, अक्षतांना नऊवारीच. आता तीच फॅशन आलीय म्हणे. मी मनात म्हटलं, आली बाई एकदाची माझी पाळी! हे एक मला येतं आणि जावेला येत नाय. आता तरी लेक म्हणेल, आई, तू नेसव. मी वाट बघत बसले. एका संध्याकाळी दोघी बाजारातून आल्या त्या माप देऊनच. शिवलेली नऊवारी! काष्टा शिवलेला, निऱ्या शिवलेल्या, पायजम्यासारखी चढवायची आन् हूक लावायचे. "काकूनं निवडली," लेक म्हणाली. मी "छान हाय" म्हटलं आणि आत जाऊन भांडी आपटली.

माप दिलं तेव्हा पोरगी नुसती काडी होती. मग केळवणं सुरू झाली. मावशीकडं श्रीखंड, आत्याकडं गुलाबजाम, आणि काकूनं तर पुरणपोळीवर तुपाची धार सोडत, "खा गं, सासरी कोण विचारतंय," करून ताटावरून उठूच दिलं नाही. लग्नाच्या दिवशी हूक काही लागेना. जावेनं पोरीला श्वास धरायला लावला, जोर लावून ओढलं, तशी टर्रकन शिवण उसवली. बाहेरून भटजी हाका मारायला लागले.

"ताई," जाऊ घाबरून म्हणाली, "आता तुम्हीच बघा."

माझ्या पिशवीत माझं लग्नातलं हिरवं लुगडं होतं. का आणलं होतं, ते विचारू नका.

लेकीला उभी केली. गाठ मारली, निऱ्या घेतल्या, काष्टा मागं ओढून खोचला. हात काही विसरले नव्हते. जाऊ बाजूला उभी राहून मला पिना देत होती, आणि खरं सांगते, मला लई बरं वाटलं. शेवटी मी खाली बसून पायाशी निऱ्या सारख्या करायला लागले. लेकीनं आरशात पुढून बघितलं, वळून काष्टा बघितला. असा चेहरा खुलला पोरीचा! मी खालून तोंड वर केलं.

"काकू," ती म्हणाली, "कशी दिसते गं मी?"

"लई गोड," जाऊ म्हणाली.

मला तेच म्हणायचं होतं.