छबूबाईचं पिवळं पाणी

पुनावळ्याच्या छबूबाईला कोणी नवीन काही सांगायला गेलं, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "बघितलंस का ऐकलंस?" ऐकलंय असं उत्तर आलं, की ती पुन्हा सुपातले खडे वेचायला लागे. बघितलंय म्हटलं तर मात्र सुटका नसे. कधी, किती लांबून, उजेड होता का, बरोबर कोण होतं, असं विचारून विचारून ती समोरच्याला घाम फोडायची. ओढ्याकाठी भूत बघितल्याचं सांगणाऱ्या एका धट्ट्याकट्ट्या गड्यानं तिच्यापुढं पाच मिनिटांत कबूल केलं होतं, की ते वाळत घातलेलं धोतरही असू शकेल.

शेतातही तिचं हेच. ग्रामसेवकानं सुधारलेल्या ज्वारीचं बी आणलं, तेव्हा निम्म्या गावानं ते सरकारी म्हणून घेतलं आणि निम्म्यानं सरकारी म्हणूनच नाकारलं. छबूबाईनं नवऱ्याला, दौलतरावांना, एकाच वावरात चार ओळी नवं आणि शेजारी चार ओळी जुनं पेरायला लावलं. जमीन तीच, पाणी तेच, पाखरंही तीच. खळ्यावर दोन्ही ढीग वेगळे ठेवले, पायलीनं मोजले आणि ग्रामसेवकाला सांगितलं, "तुमचं बी काळ्या रानात चांगलं, आमच्या मुरमाड रानात न्हाई." ग्रामसेवकानं तिला हात जोडले. दौलतराव ओसरीवर तंबाखू मळत हसत होते. त्यांना हे रोजचंच होतं.

अशी ही बाई. आणि ही बाई दर रविवारी आणि बुधवारी सकाळी आपल्या अंगणात कावीळ उतरवायची.

सासूनं मरताना दिलेली विद्या होती ती. रोग्यानं निरंकार पोटानं यायचं. हाताला ओला चुना लावायचा. छबूबाई एका झाडाच्या सालीचा रस पाण्यात मिसळून वरून धार धरायची, रोग्यानं हातावर हात चोळायचे आणि खालच्या परातीत पिवळंजर्द पाणी पडायचं. ती पडलेली कावीळ. तीन खेपा करायच्या. तिसऱ्या खेपेला पाणी फिकं पडलं, की रोग गेला. मारुंजी, ताथवड्यापासून माणसं यायची. पैसा घ्यायचा नाही, नारळसुद्धा नाही, अशी सासूची ताकीद होती. आणखी दोन ताकिदी होत्या. तिसऱ्या खेपेला रस निम्माच घालायचा, कारण तोवर रोग थोडाच उरलेला असतो. आणि निरोगी माणसाच्या हातावर ते पाणी कधीही ओतायचं नाही. ओतलं तर विद्या जाते.

आता रस निम्मा घातल्यावर पाणी फिकं पडणार नाही तर काय होईल? पण बावीस वर्षांत हा प्रश्न छबूबाईला पडला नव्हता. भुताला धोतर म्हणायला लावणारी बाई, पण सासूच्या शब्दापुढं तिची जीभ टाळूला चिकटायची. शिवाय दहातले नऊ बरे होत होते. एखादा गेलाच, तर पथ्य मोडलं असणार. तेलकट खाल्लं असेल, हळद पोटात गेली असेल. खोदून विचारलं, की काहीतरी सापडायचंच. महिनाभर घरात बसलेल्या माणसानं चोरून काही खाल्लं नाही, असं कधी होतं का?

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात लक्ष्मणराव नावाचा एक तरुण सायकलवरून आला. पिंपरीला औषधाचा जो नवा कारखाना निघाला होता, तिथं तो कामाला होता. मूळचा लातूरकडचा, चिंचवडला खोली घेऊन राहायचा. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. तीन खेपा झाल्या, महिन्याभरात तो बरा झाला आणि सांगायला म्हणून परत आला. छबूबाईनं त्याला ताक दिलं आणि कारखान्यात काय करतोस, असं विचारलं.

"सशांचा ताप बघतो, मावशी."

दौलतरावांना ठसका लागला. लक्ष्मणरावानं न रागावता समजावलं. औषध माणसाला टोचण्याआधी सशाला टोचतात. ताप चढला, तर औषधात घाण आहे असं समजायचं. पण काही सशांना नुसतं स्वच्छ पाणी टोचतात.

"ते कशापायी?"

"नुसत्या सुईनंच ताप चढत असंल तर? शेजारी दुसरा ससा ठेवल्याबिगर औषधाचा दोष कळायचा कसा?"

छबूबाईला हे फारच पटलं. तिनं त्याला आपल्या ज्वारीची सगळी हकिकत ऐकवली. लक्ष्मणराव खूश झाला. "बराबर. तेच की," तो म्हणाला, आणि मग ताकाचं भांडं खाली ठेवत त्यानं विचारलं, "राग मानू नका मावशी, पण ह्या तुमच्या पाण्याचं? धडधाकट माणसाच्या हातावर कधी वतून बघितलं का?"

राग मानू नका म्हटल्यावर माणसाला जितका राग येतो, तितका तिला आला. "माझ्या दारात बरा झालास आन् मलाच शिकवतूस व्हय?" तिनं त्याला अक्षरशः हाकललं. पण त्याची सायकल दिसेनाशी झाली तरी ती उंबऱ्यातच उभी होती. पोरगं चुकलेलं नव्हतं, हेच तिला सहन होत नव्हतं. नंतरचे चार महिने साल घरात होती, चुना घरात होता, धडधाकट नवरा ओसरीवर बसलेला होता आणि तरी तिनं ते पाणी ओतून बघितलं नाही. छबूबाई घाबरली होती. विद्या जाईल याला नाही. ती मुळातच नव्हती असं निघेल, याला.

भाद्रपदातल्या एका रविवारी सोपानराव आपल्या सुनेला घेऊन आले. सोपानराव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. एके काळचे पैलवान, आवाज असा की शेजारच्या आळीतली गुरं उठून उभी राहत. सून रुक्मिणी अठरा-एकोणीस वर्षांची, सातवा महिना लागलेला.

"वैनी, चार दिस झालं डोळं पिवळं पडल्यात. कालपास्नं नुसती झोपतीया."

छबूबाईनं धार धरली. पोरीचे हात चोळायला बरोबर आलेल्या तिच्या सासूला लावावं लागलं. परातीत असं गडद पिवळं पाणी पडलं, की बघणारे पुढं सरकले. "उतरली!" सोपानराव गरजले. "बघा, कशी उतरली!"

छबूबाई पाण्याकडं बघत नव्हती. "पोरी, सकाळी काय खाल्लंस?" तिनं विचारलं. रुक्मिणीनं जड पापण्या उघडल्या आणि म्हणाली, "म्हशीला वैरण घातली का?" आणि पुन्हा डोळे मिटले.

अशी बरळ छबूबाईनं याआधी दोनदा ऐकली होती. दोन्ही रोगी चार दिवसांत गेले होते. दोघांचं पाणी पिवळं पडलं होतं आणि दोघांच्या घरच्यांना तिनं पथ्याबद्दल विचारलं होतं. आज ही पोर घरी न्या म्हटलं, तर सोपानराव डोळे झाकून नेतील. बुधवारी पुन्हा आणायला पोर उरेल का? आणि दवाखान्यात न्या म्हणायचं, तर कशाच्या जोरावर? परातीतलं पाणी सगळ्यांच्या देखत सांगत होतं, की रोग पडला.

ती तांब्या घेऊन थेट ओसरीवर गेली. "हात फुडं करा," तिनं नवऱ्याला सांगितलं.

"मला काय झालंय?" दौलतराव म्हणाले.

"काय झालं न्हाई, म्हणून तर."

तिनं त्यांच्या हाताला चुना फासला आणि धार धरली. दौलतराव बावचळून हात चोळत राहिले. फरशीवर पिवळंजर्द पाणी पडलं. परातीतल्याच रंगाचं. बावीस वर्षांचा धाक एवढाच होता, तांब्याभर पाण्याचा.

"दौलतरावास्नी बी कावीळ झालीया की," सोपानराव काळजीनं म्हणाले.

"गाडी जुंपा," छबूबाई म्हणाली. "चिंचवडच्या ठेसनावर चला. तितनं पुण्याला, ससूनला."

"आवो वैनी, आजून दोन खेपा..."

"दोन खेपा व्हईस्तवर ही ऱ्हायची न्हाई. माझं पाणी खोटं हाय, सोपानराव. आत्ता बघितलं मी. आन् पोरगी खरी हाय. जुंपा!"

सोपानरावांवर असं कोणी ओरडल्याला तीस वर्षं झाली असतील. त्यांनी मुकाट्यानं बैल जोडले. छबूबाई स्वतः गाडीत बसली आणि रुक्मिणीचं डोकं मांडीवर घेऊन स्टेशनपर्यंत तिच्याशी बोलत राहिली, झोपू नको म्हणून.

बाळ गेलं. रुक्मिणी एकोणीस दिवसांनी घरी आली, काडीसारखी, पण जिवंत. आणि सोपानरावांनी त्या आवाजात सगळ्या मुलखाला सांगून टाकलं, की सूनबाई वैनींच्या पाण्यानं वाचली, पहिल्याच खेपेला एवढा रोग पडला म्हणून डॉक्टरांना यश आलं. पुढच्या रविवारी अंगणात नेहमीच्या दुप्पट माणसं होती.

तुम्हीआम्ही काय केलं असतं? गप्प बसलो असतो. नाव राहत होतं, उलट वाढत होतं. छबूबाईनं आदल्या दिवशी लक्ष्मणरावाला निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. तो कारखान्याच्या डॉक्टरांना विचारून आला होता. बहुतेक काविळी विश्रांतीनं तीनचार आठवड्यांत आपोआप जातात, गरोदर बाईची मात्र फार वाईट, दवाखान्यात नेऊनही पुष्कळ बायका जातात. "म्हंजे रुक्मिणीला ससूननं वाचवलं का ती तिची वाचली, ते बी सांगता याचं न्हाई," छबूबाई म्हणाली. "एकीवरनं काय कळतंय?" लक्ष्मणरावाच्या साहेबालाही एवढं पटकन कळत नसे.

रविवारी तिनं गर्दीतून सोपानरावांनाच पुढं बोलावलं. "तुमाला कावीळ हाय का?"

"मला? लोखंड पचवतो मी!"

"हात चोळा मग."

त्यांच्या चुना लावलेल्या रुंद पंजांवरून पिवळं पाणी परातीत पडलं. सोपानरावांनी हात उलटेसुलटे करून बघितले. मग तिनं ज्याला त्याला हात धुवायला लावले. धुणारा प्रत्येकजण पिवळा. कोणी हसलं, कोणी चिडलं. एका म्हाताऱ्यानं विद्या घालवलीस म्हणून शिव्या दिल्या. छबूबाईचा आवाज ठाम होता. "हे चुन्याचं आन् सालीचं पाणी हाय. रोग पडत न्हाई यातनं. डोळं पिवळं झालं तर पडून ऱ्हावा. झापड आली, बरळाय लागलं, नायतर बाई पोटुशी आसली, तर यका दिसाची बी वाट न बघता दवाखाना गाठायचा. माझ्या दारात पाणी वतून घ्याया कुनी यायचं न्हाई. आजपास्नं बंद."

माणसं हळूहळू पांगली. मागं एक बाई राहिली. मारुंजीची मंजुळाबाई. दोन वर्षांपूर्वी ती आपल्या मुलीला, इंद्रायणीला, घेऊन याच अंगणात आली होती. दोन खेपा झाल्या आणि पोर गेली. आज ती भावासाठी आली होती. भाऊ बाहेर गाडीत बसून होता.

"छबू," ती म्हणाली, "तू मला इचारलं व्हतंस, पथ्य मोडलं का म्हनून."

छबूबाईला आठवलं. काय उत्तर आलं होतं तेही आठवलं.

"मी तिला भजं दिलं व्हतं. लई मागत व्हती, म्हनून येकच दिलं. मीच मारली तिला, आसं मी धरून चालले. घरात तेलाची कढई न्हाई ठिवली चुलीवर त्या दिसापास्नं. दिवाळीला बी न्हाई."

या बाईनं दोन वर्षं काय सोसलं, हे छबूबाईला त्या क्षणी कळलं आणि ते तिला स्वतःच्या बावीस वर्षांच्या चुकीपेक्षा जड वाटलं. तरी तिनं नजर खाली घातली नाही. ती मंजुळाबाईच्या समोर येऊन बसली.

"भज्यानं काय झालं न्हाई, मंजुळा. पथ्य मी काढलेलं कारण व्हतं. माझं पाणी खोटं ठरू ने म्हनून मी तुझ्यावर ढकललं. मला ठावं नव्हतं, पर मी बघितलं बी न्हाई. ही माझी चूक. तुझी न्हाई."

मंजुळाबाई शिव्या देईल, असं छबूबाईला वाटलं, आणि दिल्या असत्या तर तिनं त्या ऐकून घेतल्या असत्या. पण तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. तिनं पदरानं डोळे पुसले.

"लई आवडलं व्हतं गं तिला," ती म्हणाली. "आर्धं खाल्लं आन् आर्धं माझ्या तोंडात घातलं."