तळपायाला कळणारी फरशी

सत्यशीलाबाई फरशीच्या दुकानात शिरल्या की आधी चपला काढायच्या. नव्या जालन्यातले दुकानदार हसायचे, देवळात आल्यासारख्या काय येता म्हणून. बाई नमुने जमिनीवर मांडायला लावायच्या, डोळे मिटायच्या आणि त्यांवरून अनवाणी चालायच्या. बँका, दवाखाने, बियाणे कंपन्यांची ऑफिसं, कुठं कोणती फरशी नि कोणता रंग हे ठरवणं हाच त्यांचा धंदा. वडील गवंडी, त्यामुळे दगडाची पारख घरचीच. ऑफिसवाल्यांना चकाकी हवी असायची, ती त्या मुकाट देत. पण जाफराबादजवळ आमची अंध मुलांची निवासी शाळा बांधली, तेव्हा त्यांनी जीव ओतला.

मी रामकिसन, तिथला कारकून. डोळे मिटून चालणाऱ्या बाईला मीही आधी अर्धवटच समजलो होतो.

त्यांनी व्हरांड्याच्या मधोमध वीतभर रुंद, खडबडीत शहाबादी पट्टा टाकला. वर्गाचं दार आलं की पट्ट्यात आडव्या रेघा. भोजनगृहापाशी बारीक गोटे. जिन्याच्या आधी उंचवट्यांच्या फरशीच्या दोन ओळी. आठवड्याभरात मुलं व्हरांड्यातून पळायला लागली. गेल्या वर्षी आलेली सात वर्षांची साक्षी तर घंटा झाली की सगळ्यांच्या आधी जेवायला हजर. कुणी हात धरायला गेलं की झटकून टाकायची.

दिवाळीनंतर एका देणगीदाराने काचेसारख्या चकचकीत टाइल्स देऊ केल्या. व्हरांड्याला त्याच्या वडिलांचं नाव लागणार होतं. टाइल्स जुन्या फरशीवरच चिकटवायच्या होत्या. संस्थेचे अध्यक्ष आदिनाथराव यांनी रंग निवडायला बाईंना बोलावलं.

"रंग कोणताबी घ्या," बाई म्हणाल्या, "पण पट्टा झाकू नका. लेकरं त्याच्यावरच चालून राह्यली."

"ताई, ते गोठ्यासारखं दिसतं," आदिनाथराव म्हणाले. "लेकरांना दिसतच न्हाई, मंग फरशी कशी का असंना. पाव्हण्यांना तर बराबर दिसती."

आदिनाथराव दुष्ट नाहीत. सणाला मुलांची पंगत स्वतःच्या हाताने वाढतात, आग्रह करकरून. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो.

बाईंनी शेवटी फक्त जिन्यापुढच्या दोन ओळी मागितल्या. चकाचक फरशीत ठिगळ दिसंल, असं उत्तर आलं. जाताना त्या माझ्या टेबलापाशी थांबल्या.

"रामकिसनभाऊ, देणगीदाराला पत्र तुम्हीच लिहिणार ना? जिन्याचं तेवढं लिहा."

मी पत्र लिहिलं. 'जुनी फरशी खडबडीत व धोकादायक असल्याने बदलणे आवश्यक आहे.' अध्यक्षांनी सांगितलं तसं, एकही चूक न करता. नोकरी टिकवायची होती. एवढं कारण माझ्यापाशी आहे, आणि ते मला पुरत नाही.

नवी फरशी बसली त्या सकाळी मुलं वर्गाच्या दारातच थांबली. दोघंजण जिन्यावरून घसरले, एकाचा ओठ फाटला. मग उपाय निघाला, एक लांब दोरी. उद्घाटनाला सगळी मुलं दोरी धरून रांगेत आली. काय शिस्त आहे, म्हणत पाहुण्यांनी फोटो काढले.

पाहुणे निघून गेल्यावर सत्यशीलाबाई आल्या. त्यांना बोलावणं नव्हतं. चपला काढल्या, डोळे मिटले आणि चालू लागल्या. चार पावलांत थांबल्या. पाय इकडेतिकडे घासून चाचपत राहिल्या. तळव्याखाली नुसता गारवा होता.

भिंतीला टेकून साक्षी बसली होती. तिच्या हातून दोरी सुटली होती आणि रांग पुढे निघून गेली होती. जेवणाची घंटा कधीच होऊन गेलेली. तिने अनवाणी पावलं ऐकली.

"कोण हाये? तुलाबी दार सापडंना का?"

"न्हाई सापडत, बाई," सत्यशीलाबाई म्हणाल्या, आणि डोळे न उघडताच तिच्या शेजारी खाली बसल्या.

भोजनगृहाचं दार तिथून दहा पावलांवर होतं. मला ते दिसत होतं. मी पुढे होऊन साक्षीचा हात धरला. तिने तो झटकला नाही.