बारा वाजून दहा मिनिटांचा भूकंप

हे सांगायला लागलो की बायको उठून आत जाते. तुम्ही बसा, चहा घ्या. माझ्याएवढा गाढवपणा लातुरात दुसऱ्या कुणी केला असेल, तर मला त्याला भेटायचंय!

भूकंपाला वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. "पुराव्याशिवाय काही मानू नका रे!" हे माझं रोजचं वाक्य. आणि एका सकाळी माझ्याच टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं.

बस्स, एवढंच! बाहेर जाऊन बघितलं का? नाही. मागच्या गल्लीत रस्त्याचा रोलर फिरत होता, हे संध्याकाळी कळलं.

शेजारी गफ्फारचाचांचं शिलाईचं दुकान, वरच त्यांचं घर. जाता जाता म्हणालो, "चाचा, आज दुपारी जपून राहा. लक्षण काही ठीक दिसत नाही."

चाचांची कात्री थांबली. "भूकंप, सर?"

"म्हणजे… येऊ शकतो."

दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्याकडं कोण बघतं!

क्लासला गेल्यावर माझी मलाच शंका यायला लागली. उगीच बोललो. परत जाऊन चाचांना तसं सांगावं म्हणून निघालो, तर इथून वीस-एक किलोमीटरवरच्या मुरुडचा माझा मेहुणा धापा टाकत दारात!

"दाजी, पोरं बाहेर काढा! आज येणार हाय. मुरुडात लोक दुकानं बंद करून राहिलेत!"

"कुणी सांगितलं?"

"लातूरच्या एका सायन्सच्या सरानं गणित मांडलंय म्हणे. बारा वाजून दहा मिनिटं!"

सायन्सचा सर! वर गणित! मला वाटलं तेच त्यालाही वाटलं, मग आणखी काय पाहिजे? सगळा वर्ग मैदानात काढला, पळत गल्लीत आलो आणि ओरडलो, "पक्कं झालं! बाहेर पडा!"

चाची दम्यानं अंथरुणाला खिळलेल्या. चाचांनी त्यांना पाठीवर घेतलं. अरुंद जिना, पाय सटकला. चाचींना खरचटलं तेवढंच. चाचांचं उजवं मनगट मोडलं.

बारा दहा झाले. एक वाजला. जमीन जागची हलली नाही.

मेहुण्याला विचारलं, "कोण रे तो सर? नाव काय?"

"नाव न्हाई माहीत. कुठल्या तरी टेलराच्या शेजारी ऱ्हातो म्हणे."

मी तिथंच रस्त्यावर बसलो.

मनगट जुळलं, पण वाकडं. त्या हातानं पुन्हा कापड बेतणं झालं नाही. महिन्याभरानं धीर करून गेलो. सगळं कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो.

"चाचा, माझ्यामुळं…"

"दिल छोटा मत करो, सर. तुम्ही शिकलेला माणूस. तुम्हाला कुणी तरी पक्कं सांगितलं असंल. त्याबिगर तुम्ही बोलायचे न्हाईत."

आणि मी काय म्हणालो, माहितीय?

"होय चाचा. मुरुडहून निरोप आला होता."