दादांची पहिली वेलांटी

दुसरीत असताना मी एका मुलाच्या दंडाला कडकडून चावले होते. धडा वाचायची पाळी माझी होती. पुस्तकात होतं, ‘मामाने कडबा आणला.’ मी वाचलं, ‘मामाने डबका आणला.’ सगळा वर्ग हसला. शेजारचा मुलगा जरा जास्तच हसला. ‘‘मामानं डबकं कशात आणलं गं? पिशवीत?’’ बस्स. पुढचं नीट आठवत नाही. तो रडत होता आणि त्याच्या दंडावर माझे दात उमटले होते, एवढं आठवतं.

असं काही पहिल्यांदाच झालं नव्हतं. माझं काही चुकलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. गणित चुकलं की मी पाटी आपटायचे आणि कुणी हसलं तर त्याचं काही खरं नसायचं.

बाईंनी चिठ्ठी दिली. ती मी दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात ठेवली. त्यांनी उलटीसुलटी करून ती आईकडे दिली. ‘‘वाच बरं, काय म्हणतात बाई.’’

दादा बिडकीनजवळच्या शेतकरी घरातले, पण निजामाच्या अमलात उर्दू शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेले. त्या जोरावर औरंगाबादेत कचेरीत कारकून झालेले. त्यांचं उर्दू अक्षर इतकं देखणं की लोक अर्ज लिहून घ्यायला घरी यायचे. बोलणं मराठी आणि लिहिणं उर्दू, असा त्यांचा मामला. आई मात्र बुलढाण्याकडची, इंग्रजांच्या मुलखातली. तिकडं शाळा मराठी होत्या आणि ती चौथी पास होती. म्हणून आमच्याकडे मॅट्रिक झालेला माणूस चौथी पास बायकोकडून चिठ्ठ्या वाचून घ्यायचा. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, कचेरीचा कारभार मराठीत येत होता आणि मराठीची परीक्षा द्या असा कागद दादांनाही आला होता. तो त्यांनी कपाटात कपड्यांखाली सारून ठेवला होता.

आईनं चिठ्ठी एकही शब्द न गाळता वाचली. दुसऱ्या दिवशी दादा कचेरीआधी मला सायकलवर बसवून शाळेत आले. आधी त्यांनी त्या मुलाचा दंड पाहिला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग बाईंसमोर उभे राहिले.

‘‘घरी हिचा अभ्यास कोण घेतं?’’ बाईंनी विचारलं.

‘‘हिची माय घेती, कामातून सवड गावली तर. मला नाय जमत.’’

‘‘तुम्ही तर मॅट्रिक आहात ना?’’

‘‘व्हय, पण उर्दूतून. मराठीत मी हिच्या बी खालच्या वर्गात.’’

हे ते भर वर्गात बोलले, तेही मोठ्यानं. मला वाटलं, आत्ता उठून पळून जावं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘मग हिच्याशेजारी बसून तुम्हीच शिका. मोठं माणूस चुकतं आणि पुसून पुन्हा लिहितं, हे हिनं कधी बघितलं नसेल. माझ्या सांगण्यानं ते व्हायचं नाही.’’

त्याच दिवशी दादांनी गुलमंडीच्या बाजारातून एक नवी पाटी आणली. संध्याकाळी आई भाकरी थापायला बसली की तिच्यासमोर पोतं अंथरून आम्ही दोघं बसायचो. आई शिकवताना दादांचीही गय करायची नाही.

पहिल्याच दिवशी दादांनी उजव्या कडेपासून लिहायला सुरुवात केली. ‘‘अहो, डावीकडून!’’ आई म्हणाली. ‘‘अरे हां,’’ म्हणत त्यांनी पुसलं. मग पहिली वेलांटी आली. ती काही केल्या त्यांना पटेना. ‘‘हे लिहायचं आधी अन् म्हणायचं नंतर? ही कुठली रीत?’’ ते वेलांटी अक्षराच्या मागं काढायचे, आई पुसायला लावायची, ते पुन्हा मागंच काढायचे. उर्दूत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा फारशा लिहीत नाहीत, वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. तीच सवय त्यांच्या हाताला; घाईत तर ते सगळेच काने, वेलांट्या, उकार गाळायचे. आईनं वाण्याची यादी सांगितली आणि दादांनी लिहिली: ‘तर डळ, गळ, मठ, जर.’

मी ती मोठ्यानं वाचली आणि पोट धरून लोळले. तूर डाळीचं, गुळाचं, मिठाचं, जिऱ्याचं काय होऊन बसलं होतं! दादाही इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘वाणी म्हणंल, लई शिकलेलं गिऱ्हाईक आलंय!’’

मग पाटी माझ्याकडं आली. आईनं ‘विहीर’ लिहायला सांगितलं. मी ‘वहिरी’ लिहिलं. आता दादा हसले. माझे कान तापले. हातातली पेन्सिल मी फेकणार, तेवढ्यात ते म्हणाले, ‘‘थांब की. मघा तू एवढी हसलीस, मी तुला चावलो का?’’

मला रागावून बसायचं होतं, पण हसूच फुटलं. आई तर पिठाच्या हातानं तोंड झाकून हसत होती.

राग एका दिवसात गेला नाही. त्यानंतरही एक पाटी फुटली. पण वर्गात पुढच्या वेळी मी चुकले आणि मुलं हसली, तेव्हा तो शेजारचा मुलगा आपला दंड धरून बाकाच्या टोकाला सरकला. त्याचं ते सरकणं बघून मलाच हसू आलं. ‘‘बाई, परत वाचते,’’ मी म्हणाले आणि वाचलं. मधल्या सुट्टीत मी त्याला बोरं दिली. त्यानं आधी दोनदा विचारलं, ‘‘चावणार नाहीस ना?’’ पुढं तो मला पाढे शिकवायला लागला.

दादा कचेरीच्या मराठी परीक्षेला बसले आणि नापास झाले. त्या दिवशी घरी येऊन ते कोपऱ्यात बसून राहिले. चहाही तसाच राहिला. काय करावं मला कळेना. मी त्यांची पाटी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसली, त्यांच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी जाऊन बसले. ‘‘दादा, बाई म्हणतात, परत लिहायचं.’’ त्यांनी माझ्याकडं बघितलं, चहा एका घोटात संपवला आणि आईला म्हणाले, ‘‘सांग बरं, काय लिहू?’’

दुसऱ्या खेपेला ते पास झाले. कचेरीतून येताना शेरभर जिलबी आणली, त्यातली निम्मी बाईंच्या घरी पोचवायला लावली. गल्लीत मी ज्याला त्याला सांगत सुटले, ‘‘आमचे दादा पास झाले!’’

आई त्या रात्री जिलबी खाताना म्हणाली, ‘‘आता मला उर्दू शिकवा.’’

‘‘तुला कशाला?’’

‘‘बाजारात निम्म्या दुकानांच्या पाट्या उर्दूत आहेत. मी काय नुसतं मुकाट्यानं चालायचं?’’

दादांनी तिच्यासाठी अलिफ, उर्दूतलं पहिलं अक्षर, काढून दिला. चार-पाच महिन्यांनी ती एका कापडाच्या दुकानासमोर थांबली आणि पाटी अडखळत, पण शेवटपर्यंत वाचली. आतला म्हातारा दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, ‘‘माशाल्ला, बाईसाहेब!’’ आणि तिला बसायला खुर्ची दिली. घ्यायचं काहीच नव्हतं, तरी आम्ही तिथं बराच वेळ बसलो.