ढगाळ दिवसाची वीज

ओल्या कातळाचा थंड, लोखंडासारखा वास आणि त्यावर अलगद तरंगणारी छोट्या फ्रीजची घरघर! भाद्रपदातल्या त्या ढगाळ दुपारी, बारवी धरणाच्या वरच्या माळावर, मोहाच्या गर्द सावलीत उभ्या असलेल्या अक्काच्या फिरत्या घरात मी सुखाने लोळत होतो. वीज वाऱ्यासारखी आपोआप येते, हा माझा जन्मभराचा समज तेव्हा शाबूत होता.

अक्का माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यावर उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये तिने कित्येक वर्षं मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवलं. जळालेल्या मोटारींच्या पोटात तांब्याची तार नव्याने गुंफता गुंफता, सुगरणीला जशी चूल कळते तशी तिला वीज कळली. साठी उलटल्यावर तिने जुनी स्कूलबस घेतली, टपावर सोलर पॅनेलं आणि बाकाखाली दोन बॅटऱ्या बसवल्या. इंजिनावरून चार्जिंगची जोडणी तेवढी राहून गेली होती. तिचा नियम एकच, बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नाही; उतरली की तिचं आयुष्य घटतं. म्हणूनच सावलीत गाडी लावण्याच्या माझ्या हट्टावर ती आदल्या दिवशी कुरकुरली होती. गारव्याच्या लोभाने मी ते कानाआड केलं.

इतक्यात वरच्या वाडीतली पारू धापा टाकत दाराशी आली.

"सकाळपासनं लाईट नाय, बाय. सासूचं हवेचं मशीन बंद पडलंय. ओढ्याला पाणी चढलंय, गाडी खाली जाईना."

तिची सासू म्हणजे दामीआजी. दवाखान्यातून मिळालेल्या ऑक्सिजनच्या यंत्रावरच त्यांचा श्वास तगून होता. अक्काने बॅटरीच्या मीटरकडे पाहिलं. साठ टक्के.

"मशीनसकट इथेच आणा त्यांना," ती म्हणाली.

पारूचा नवरा आणि दीर चादरीच्या झोळीतून आजींना घेऊन येईपर्यंत अक्काने फ्रीज, पंखा, पाण्याचा पंप सगळं बंद केलं. माझा मोबाइलसुद्धा चार्जरवरून उपटला. "नाना, आधी गाडी मोकळ्यावर काढ. एका पॅनेलवर सावली पडली तरी सगळी ओळ गुदमरते." मी मुकाट्याने गाडी उघड्या कातळावर नेली. ऊन नव्हतंच. पण ढगांआडूनही उजेड झिरपत असतो आणि त्या झिरपणीवरही माणसाला तग धरता येतो, हे कळायला मला केवढं वय व्हावं लागलं!

यंत्र सुरू झालं. आजींच्या निळसर ओठांवर हळूहळू रंग परतू लागला, आणि मीटरवरचा आकडा उतरू लागला. छप्पन्न. त्रेपन्न. अक्का टपावर चढून पॅनेलांवरचा चिखल आणि ओली पानं पदराने पुसत होती. तिच्या काटकसरीला मी आजवर मनातल्या मनात कंजूषपणा म्हणत आलो होतो. पण गेले तीन दिवस दिवा दिवा विझवत तिने जे राखलं होतं, ते नसतं तर या घटकेला आम्ही त्या माउलीला काय दिलं असतं? सहानुभूती? संयमाचं हे औदार्य मी प्रथमच इतक्या जवळून पाहत होतो.

"अक्का, निम्मी झाली गं," मी खालून ओरडलो.

"होऊ दे," ती वरून म्हणाली. "बॅटरी दुसरी मिळते."

पंचेचाळीस. एकेचाळीस. पारू सासूच्या उशाशी बसून तिचे तळहात चोळत होती. पाचच्या सुमारास पारूचा नवरा काठीने ओढ्याचं पाणी अजमावून आला. उतार पडला होता. यंत्र तसंच चालू ठेवून आम्ही बसनेच बदलापूरच्या दवाखान्याकडे निघालो. अक्का गाडी चालवत होती आणि मी आकड्यावर डोळे लावून बसलो होतो.

बदलापूरच्या अलीकडचं शिरगाव जवळ आलं तेव्हा आजींनी नाकावरची नळी जराशी सारली आणि क्षीण, पण चौकस आवाजात विचारलं, "बाय, या तुझ्या बॅटरीला खायला काय घालतीस?"

"ऊन, आजी."

आजींनी नळी पुन्हा नीट नाकाशी लावली.

"मग आमच्या अंगणात ये ना," त्या म्हणाल्या. "लई पडतंय."