गुरुवारचा चीक

मला एका जागी बसता येत नाही. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडली, त्यामुळे असेल. रिटायर झाल्यापासून खुर्चीत बसलो की पाच मिनिटांत पाय आपोआप हलायला लागतात. बायको म्हणते, "अहो, टेका की जरा. गाडी डेपोत लागली आता." दुसरी खोड तोंडाची. रोज दारात लोंबकळणाऱ्या पन्नास पोरांवर खेकसणारा माणूस घरी येऊन गोड बोलेल, ही अपेक्षाच चुकीची.

ह्याच तोंडानं गेल्या दिवाळीत घात केला. आमचा मुलगा चाकणला कंपनीत आहे. भाऊबीजेला सून, तिचे वडील, तिचा भाऊ असे सगळे पेठला आमच्या घरी जेवायला होते. जेवता जेवता मुलानं विषय काढला की नोकरी सोडून गावी येतो, वरच्या तुकड्यात शेडनेट टाकून फुलं करतो. मी पोळी तोडता तोडता म्हणालो, "तुझ्या हातून काय धड व्हतंय? कोथिंबीर लावलीस ती जळाली, आता फुलं लावतोय!" सासऱ्यासमोर. मेव्हण्यासमोर. पोरगं ताटात पाणी सोडून उठलं, संध्याकाळच्या आत बायकोला घेऊन चाकणला गेलं. संक्रांतीला आलं नाही. गावच्या यात्रेलाही नाही. सून अधूनमधून सासूला फोन करायची, पण त्याचा आवाज ह्या घरात आला नाही. आणि मी? मी म्हणत होतो, बाप मी आहे, मी कशाला फोन करू? असं म्हणायचो आणि अंगणात येरझाऱ्या घालायचो.

चैत्रात एका रविवारी सकाळी बायकोनं कुरडयांचा गहू भिजत घातला. मी बघितलं आणि म्हणालो, "रविवारी कशाला? तू तर दर वर्षी बुधवारी घालतेस." ती म्हणाली, "मनात आलं." मी अंगणात गेलो आणि सवयीनं हिशेब लावला. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटायचा, गाळायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा, म्हणजे चीक खाली बसतो. पाचव्या दिवशी पहाटे चीक शिजवायचा. रविवारपासून पाचवा दिवस गुरुवार. आणि चाकणच्या कंपन्यांना सुट्टी असते गुरुवारी.

आता ज्यानं कधी खाल्ला नाही त्याला सांगतो. कुरडया पाडायच्या आधी शिजलेला गरम चीक वाटीत घ्यायचा, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल. आमचं पोरगं लहानपणापासून ह्या चिकासाठी पागल. कंपनीत लागल्यावरसुद्धा रजा टाकून चिकाच्या दिवशी यायचं. दुपारी सुनेचा फोन आला तेव्हा बायको सहज बोलल्यासारखी बोलली, "गुरुवारी चीक आहे गं. सांग त्याला." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "बघतो म्हणाला." एवढंच.

मंगळवारी सकाळी गव्हाचं पाणी बदलताना ती मोरीत घसरली. उजवं मनगट मोडलं. मंचरला दवाखान्यात नेलं, प्लास्टर केलं, घरी आणलं. सगळा रस्ता मी बडबडत होतो, "सतरांदा सांगितलं, मोरी घासून घे, मोरी घासून घे!" घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या ती म्हणाली, "गव्हाचं पाणी बदलायचं राहिलं."

"टाक तो गहू म्हशीला," मी म्हणालो.

"म्हशीला?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी उठून पातेल्यातलं पाणी बदललं.

मग मी फोन हातात घेतला. म्हटलं, आता तरी पोराला कळवायला पाहिजे, आईचा हात मोडलाय. तिनं डाव्या हातानं फोन काढून घेतला. म्हणाली, "अजिबात न्हाई. हात मोडला म्हणून यायला नको. यायचंय तर चिकासाठी येऊ द्या. शपथ आहे तुम्हाला." मी वाद घातला, आदळआपट केली, पण ती हलली नाही. माझं तोंड कितीही सुटलं तरी शपथ मी मोडत नाही, हे तिला चांगलं ठाऊक.

बुधवारी मी गहू मिक्सरवर वाटला. शेजारच्या वैनी मदतीला आल्या, कारण आमच्या आळीत वाळवणाला एकमेकींकडे जायची रीत आहे. पण पुरुष माणूस मिक्सरवर बसलेला बघून त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. "भाऊजी, चोथा नीट पिळा हं. तिकीट न्हाई ते, फाडून टाकायला." मी धोतराच्या फडक्यातून चोथा पिळत होतो, हात आंबून गेले होते, आणि डोक्यात एकच चालू होतं: येतो का, येतो का नाही.

गुरुवारी पहाटे पाचला परसातली चूल पेटवली. बायको खुर्ची टाकून बसली, प्लास्टरचा हात मांडीवर. वरचं पाणी ओतून टाकलं, खाली पांढरा घट्ट चीक राहिला होता. मोठ्या टोपात पाणी, तेल, हिंग, मीठ. मीठ तिनं मोजून सांगितलं. पाणी खळखळलं तसा चीक ओतला आणि लाकडी दांड्यानं घोटायला लागलो. हे घोटणं सोपं नाही राव. क्षणभर थांबलात की गुठळी. खांदे भरून आले, धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि ह्या सगळ्यात हमरस्त्यावर मोटारसायकल वाजली की माझा दांडा थांबायचा.

"घोटा! घोटा!" ती ओरडायची. "रस्त्याकडं काय बघताय!"

पण तिची मानही रस्त्याकडेच होती.

साडेसहाला चीक चकाकायला लागला. ओला हात लावला, चिकटला नाही. शिजला. मी एक घास घेऊन चाखला, तर अळणी. अगदी फिक्का. म्हणालो, "ह्यात मीठच न्हाई."

"असू द्या," ती म्हणाली. "तेवढंच लागतं."

तिनं चाखून बघितलं नाही, कारण तिचा गुरुवारचा उपवास. मग ती देवापुढे दिवा लावायला आत गेली आणि मी टोपापाशी एकटा राहिलो. पोरगं आता घाट चढून आलं असेल, असं माझ्या मनानं घेतलं. सहा महिन्यांनी येणार, बापानं स्वतःच्या हातानं केलेला चीक खाणार, आणि पहिल्याच घासाला म्हणणार, अळणी आहे? म्हणेलच. दिवाळीतलं उट्टं काढेल. मी डब्यातून मूठभर मीठ घेतलं, तांब्यात गरम पाण्यात विरघळवलं आणि टोपात ओतून पुन्हा घोटलं. चाखलं. वा! काय चव आली म्हणून सांगू.

तेवढ्यात वैनी सोऱ्या घेऊन आल्या. त्यांनी बोटाला लावून चाखला आणि भुवया उंचावल्या. "मिठाला जरा पुढं वाटतोय, भाऊजी."

"गरम आहे म्हणून," मी म्हणालो आणि डोळ्यांनी खुणावलं, गप्प. त्यांनी हसून बोट पदराला पुसलं.

एक वाटी मी भरून झाकून ठेवली, वर तेल घालून. मग गच्चीवर बाजेवर प्लॅस्टिक अंथरलं आणि वैनी सोऱ्यातून कुरडया पाडायला लागल्या. मी खालून गरम चीक पोचवत होतो. खरं तर एका खेपेत काम झालं असतं, मी सात खेपा घातल्या, कारण गच्चीवरून हमरस्ता दिसतो. आठ वाजले. नऊ वाजले. ऊन चढलं. पोराच्या गाडीसारखी एक पांढरी मोटारसायकल आमच्या फाट्याला वळली तेव्हा मी जिन्याकडे धावलो, पण ती कुणा भलत्याचीच, गॅसचा सिलेंडर मागे बांधलेला. तीनदा फोन काढला, तीनदा खिशात घातला. शपथ घातली नसती तर मी त्याला त्याच क्षणी सांगितलं असतं, हात मोडलाय तुझ्या आईचा, लाज वाटते का तुला?

अकराला वाटीवरची ताटली काढली. चिकावर साय आली होती आणि तो रबरासारखा घट्ट झाला होता. बायकोनं एक नजर टाकली आणि ताटली परत झाकली. "दुपारपाळी असंल," ती म्हणाली. गुरुवारी दुपारपाळी नसते, हे तिलाही माहीत आणि मलाही.

तो आला नाही.

तीन दिवस कुरडया उन्हात खाली-वर केल्या. रविवारी तिनं मला तेल तापवायला लावलं. पहिली कुरडई टाकली, अशी फुलली की मी खूश. तिनं तुकडा तोंडात टाकला आणि तिचा चेहरा बदलला. मी खाल्ला. नुसतं मीठ! थुंकावं लागलं.

"कुणी टाकलं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. अळणी लागला, पोरगं येईल, त्याला चव लागावी.

"अहो, ओला चीक अळणीच लागतो. वाळून आटला की मीठ वर येतं," ती म्हणाली. "तीस वर्षं माझ्या हातच्या खाताय की." मग म्हणाली, "आणि त्याच्यासाठीच टाकायचं व्हतं तर त्याच्या वाटीत वरून चिमूटभर टाकायचं." एवढी साधी गोष्ट. मला सुचली नाही. मला वाटलं, आता ती बोलेल, वर्षाचं वाळवण घालवलं म्हणून. तिनं नुसते डाव्या हातानं डोळे पुसले. मला तेच सहन होईना. मी उठून परसात गेलो आणि चुलीभोवती फेऱ्या मारत बसलो.

सोमवारी वैनींचे मालक टेंपोत कांदा घेऊन चाकणला निघाले होते. बायकोनं निम्म्या कुरडया डब्यात भरल्या. मी आडवा आलो. "खारट आहेत त्या! पाठवू नको. सुनेसमोर अब्रू जाईल माझी."

"जाऊ द्या," ती म्हणाली. "त्याची तर सासऱ्यासमोर गेली व्हती."

मी डबा उचलून टेंपोत ठेवला.

मग सुरू झाला तो आठवडा. मंगळवार, बुधवार, फोन नाही. गुरुवार, नाही. मी दिवसातून चार वेळा फाट्यावर जाऊन यायचो, काही काम नसताना. चहावाला म्हणाला, "काय पावणं, कुणाची गाडी चुकली?" त्याच्यावर खेकसलो. घरी येऊन बायकोच्या हातून पोळपाट काढून घेतला आणि वेड्यावाकड्या पोळ्या लाटल्या. तिला कुंकू लावून दिलं, वेणी घालून दिली, ती वेणी बघून वैनी दोन दिवस हसत होत्या. आणि मनात सारखं येत होतं, की त्यानं डबा उघडला असेल, खाल्ल्या असतील आणि कचऱ्यात टाकल्या असतील. किंवा उघडलाच नसेल.

शनिवारी दुपारी बायकोचा फोन वाजला. सुनेचा नंबर. तिचा एकच हात, तोही पिठात. "स्पीकरवर टाका," ती म्हणाली. मी बटण दाबलं.

"आई," मुलाचा आवाज. माझे पाय जागच्या जागी थांबले. "अगं, केवढ्या खारट झाल्यात कुरडया! आयुष्यात कधी तुझ्या अशा झाल्या नाहीत. कुणी केल्यात?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी फोन तोंडाजवळ घेतला.

"मी केल्यात," मी म्हणालो.

पलीकडे तो दचकला, "आप्पा? तुमी? का, आईला काय झालं?"

तिनं जोरात मान हलवली, नाही, नाही. आईचा हात मोडलाय, हे शब्द माझ्या जिभेवर होते, अगदी दातांपाशी. सांगितलं असतं तर तो तासाभरात दारात असता. मी गिळले. "काय न्हाई," मी म्हणालो. "मीच म्हटलं, ह्या वर्षी मी करतो."

"आणि एवढं मीठ?"

"तू गुरुवारी गरम चीक खायला येशील, असं वाटलं. तुला अळणी लागू नये म्हणून टाकलं." मी फोन अजून जवळ धरला. "वाटी काढून ठेवली व्हती. अकरापर्यंत."

मग तो बोलला, आणि त्याच्या आवाजात काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. हसणं होतं, आणि दुसरंही काही.

"आप्पा, तुमच्या हातून काय धड व्हतंय?"

माझंच वाक्य. जसंच्या तसं. दिवाळीपासून त्यानं ते जपून ठेवलं होतं आणि आज माझ्या हातात परत ठेवलं. बायको माझ्याकडे बघत होती, मी आता भडकतो की काय म्हणून.

"कायच न्हाई, बाबा," मी म्हणालो. "कायच धड होत न्हाई. चुकलो मी."

"ऊन आहे ना अजून?" त्यानं विचारलं. "कोठीत गहू आहे?"

"आहे की. लई आहे."

"मग घाला भिजत. येतो."

फोन बंद झाला. बायकोनं पिठाचा हात तसाच तोंडावर दाबून धरला होता. मी कोठीकडे गेलो, तिथून परत आलो, पुन्हा गेलो.

"अहो, आज न्हाई," ती मागून ओरडली. "आज शनिवार. उद्या घाला."

मी गहू निवडायला बसलो. अंधार पडेपर्यंत जागचा उठलो नाही.