वाफ्याच्या हिरवट फळ्या

बेसा भागातल्या आमच्या घरामागे पालक-मेथीसाठी उंच वाफे करायचे ठरले आणि फळ्या आणायला मी नवऱ्याला एकट्याला लकडगंजच्या लाकूडबाजारात पाठवलं. तिथेच चुकलं.

"औषध पाजलेलं लाकूड आहे. उधई-वाळवी लागणारच नाही," हिरवट फळ्या उतरवत तो म्हणाला.

"कोणतं औषध?"

"ते काहून विचारू त्याले? फळी मजबूत आहे ना!"

मीच दुकानदाराला फोन लावला. औषधाने उधई मरते, मग त्या लाकडाला लागून उगवलेला पालक खायचा का? तो हसला. "भाभी, तुम्ही पालक खाणार हाव का लकडी?" औषधाचं नाव त्यालाही माहीत नव्हतं.

मग मी वाचत बसले. जुन्या औषधांत आर्सेनिक असायचं. नव्यांत बहुधा तांबं असतं, ते भाजीत फारसं उतरत नाही म्हणतात. आमच्या फळ्या जुन्या की नव्या?

"नव्याच असतील," नवरा म्हणाला. कशावरून, तर चकचकीत दिसतात म्हणून! मी वाचत होते तोवर त्याने खिळे ठोकून, माती भरून मेथी पेरलीसुद्धा.

आठ दिवस आमचं यावरच वाजत राहिलं. शेवटी मी सांगून टाकलं, भाजी वेगळ्या विटांच्या वाफ्यात, फळ्यांच्या वाफ्यात मोगरा आणि जास्वंद. त्याने कोवळी मेथी उपटून टाकली आणि विटांच्या वाफ्यात नव्याने पेरली.

त्याच आठवड्यात नरखेडहून नणंद आली. सकाळी उग्र वास आला म्हणून मागे धावले, तर बाईंनी फळ्यांचे उरलेले तुकडे अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातलेले!

"ताई, काढा ते! हे लाकूड जाळायचं नसते, धूर विषारी असते!"

"एवढं वाळलेलं लाकूड फेकतं का कोणी? अन् राख मी तुमच्या मेथीलेच टाकणार होती."

मी डोक्याला हात लावला. तोंडाला पदर बांधून जळके तुकडे चिमट्याने ओढले, पाणी ओतलं, राख ओली करून पिशवीत बांधली. नणंद कमरेवर हात ठेवून बघत होती. डोळे चुरचुरत होते, दोघींचेही.

तेवढ्यात नवरा खांद्यावर टॉवेल टाकून दारात आला.

"पाणी तापलं का?"